पाकिटावरची आई

आमच्या आईच्या तोंडाला कुणी लागू नये, हे कल्याणजवळच्या आमच्या अख्ख्या मोहन्याला माहीत आहे. नळावर, दवाखान्यात, रिक्षा स्टँडवर, तिने कुणालाच सोडलेलं नाही. माझ्या लग्नात तिने नवऱ्यामुलाकडे एकदा नीट बघितलं आणि माझ्या सासूला सगळ्यांदेखत विचारलं, "बघायला आलेला तो दुसरा होता का हो?" ते लग्न पुढे मोडलं. त्याची कारणं वेगळी होती, पण भांडण झालं की मी आईला सुनावते, सुरुवात तुझ्यापासून झाली. आई बोलते, "मग काय खोटं बोलले?"

अशी ही बाई एका माणसापुढे मात्र गप्प असायची. डोंबिवलीच्या काकूंपुढे.

बाबा कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तसे बाबा दारातल्या खुर्चीवर येऊन बसले आणि आईने चकलीची कढई चढवली. बाबा गेले तरी कढई उतरली नाही. भाजणी ती स्वतः भाजायची, तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, धणे-जिरं शेवटी. गिरणीवाल्याशी दरवेळी ठरलेलं भांडण, आधी कुणाचं काय दळलंयस, चक्की झाडून घे. आमच्या दोन खोल्यांत एक खोली आमची आणि एक चकलीची. माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तळणीचा वास यायचा आणि पोरी मला "ए फरसाण" म्हणून हाक मारायच्या.

काकूंचा फराळाचा धंदा. डोंबिवली पूर्वेला त्यांचं नाव आहे, तिथून अमेरिकेला पार्सलं जातात. लाडू त्यांच्या घरचे, बाकीचं आमच्यासारख्या बायकांकडून करून घेतलेलं. चकली सगळी आमची. स्टीलच्या डब्यांत भरून मी नेऊन द्यायचे आणि काकू आपल्या पाकिटांत भरायच्या.

काकू वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्या वाईट नाहीत. कप वेगळा, बशी वेगळी, असलं काही त्यांच्याकडे नव्हतं, आम्ही एकाच ट्रेमधला चहा प्यायचो. बाबा गेले तेव्हा त्या मोहन्याला आल्या, आईजवळ सतरंजीवर बसल्या, रडल्यासुद्धा. आईपेक्षा वयाने मोठ्या, तरी आईला "मावशी" म्हणायच्या. कुठल्या बायकांना मावशी म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. एकदा मी विचारलेलं, "काकू, पाकिटावर कुठेतरी आईचं नाव टाकाल का, बारीक अक्षरात?" काकूंनी माझ्या गालाला हात लावला. "मला काही नाही गं बाळा, मी खाते ना तुमच्याकडचं. पण लोकांचं असतं ना." आई शेजारीच होती. रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढणारी माझी आई, तिने नुसतं डब्याचं झाकण लागलंय का ते दाबून बघितलं.

आमचं आडनाव ऐकलं की महाराष्ट्रात पुढचं काही विचारावं लागत नाही. ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही ओळखलंच असेल.

तर मग आले सर. कल्याणला छोट्या उद्योगातल्या बायकांसाठी शिबिर होतं, फुकट, वर जेवण. मी डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, तिथून रजा टाकून गेलेले. सरांचं बोलणं म्हणजे काय विचारता! बाजार आता सगळ्यांसाठी खुला झालाय. मधला माणूस काढून टाका. आजच्या गिऱ्हाइकाला वस्तू नको असते, वस्तूमागचं माणूस हवं असतं. पाकिटावर नाव टाका, गाव टाका, फोटो टाका, करणाऱ्या हातांची गोष्ट सांगा. मी मान डोलवत सगळं लिहून घेतलं. सरांचं स्वतःचं आडनाव असं होतं की ते पाकिटावर छापलं तर आतला माल न बघता खपावा. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्या तर आयुष्यात आलं नसणार.

शिबिराच्या शेवटी कळलं की दिवाळीआधी घोडबंदर रोडला एका मोठ्या टॉवरवाल्यांच्या वसाहतीत प्रदर्शन आहे, महिला उद्योजिकांचं. ज्यांचा माल चालेल त्यांना क्लब हाउसच्या खाली दर रविवारचा कायमचा स्टॉल. वर्षभर. मी घरी येऊन आईला सांगितलं, आणि आई, जी कुठल्याच गोष्टीला एका झटक्यात हो म्हणत नाही, ती बोलली, "माझ्या नावाने?"

"तुझ्या नावाने. फोटोसकट."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर पेटी उघडी आणि लग्नातला शालू उन्हात.

स्टुडिओत तिने फोटोवाल्याचा जीव खाल्ला. तो बोलला आजी हसा, ही बोलली आजी कोणाला बोलतोस. तो बोलला मान जरा खाली, ही बोलली खूप झाली खाली. शेवटी हातात सोऱ्या धरून, ताठ, न हसता तिने फोटो काढला. हसली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी वैतागून बोलले. पण पाकीट छापून आलं तेव्हा मलाच भरून आलं. झिपवालं पाकीट, खाली उभं राहणारं, एका बाजूला आतलं दिसणारी खिडकी, दुसऱ्या बाजूला आई. खाली तिचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, मोहने. छापणारा थोडकी छापून देत नव्हता म्हणून गोणी भरून पाकिटं घ्यावी लागली. आईने एक पाकीट घेतलं, चष्मा लावून नाव वाचलं, पदराने पुसलं आणि भिंतीवरच्या फोटोखाली नेऊन ठेवलं. आमच्या भिंतीवर कोणाचा फोटो असेल तेही सांगायला नको.

मी तेव्हाच तिला बोललेले, आता काकूंची ऑर्डर बंद कर. ती भडकली. "दिवाळीच्या तोंडावर बाईला तोंडघशी पाडू? चालती हो." मग त्याच आठवड्यात, त्याच भाजणीच्या, त्याच कढईतल्या चकल्या, अर्ध्या काकूंच्या डब्यांत गेल्या आणि अर्ध्या आईच्या पाकिटांत.

प्रदर्शनाच्या दिवशी टेंपोने निघालो. माजिवड्यापासून पुढे ट्रॅफिक असा की आईने तेवढ्यात तीन मंत्र्यांचा उद्धार केला. शालू नेसलेली, केसात गजरा. गेटवर सामानाची लिफ्ट, सामानाचा रस्ता, सामानाची बाजू दाखवली गेली आणि आई बोलली, "सामान टेंपोत आहे, मी बाई आहे." ती खुशीत होती हो! मला अजून तिची ती चाल दिसते.

टेबलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. आमच्या शेजारच्या टेबलावर काकू.

मला वाटलं काकूंचा चेहरा पडेल. कशाचं काय! "अगंबाई, मावशी तुम्ही? अरे वा! स्वतःचा स्टॉल? छान, छान!" त्यांनी आईला मिठी मारली. खरंच आनंद झालेला त्यांना. त्यांच्या टेबलावर आमच्याच चकल्या, त्यांच्या पाकिटात. त्यांच्या पाकिटावर एक म्हातारी होती, चित्रातली, नऊवारी, नथ, गुबगुबीत गाल, डोळे मिटून हसणारी. काकूंच्या नात्यागोत्यात असली म्हातारी कधी नव्हती. इंटरनेटवरून काढलेली.

चवीसाठी आम्ही बशीत तुकडे ठेवले, काकूंनीही ठेवले. बायका यायला लागल्या. पहिली आली, खाल्ली, डोळे मोठे केले. "अय्या, काय कुरकुरीत आहे!" पाकीट उचललं, खिडकीतून बघितलं, उलटं केलं. वाचलं. पाकीट खाली ठेवलं, आणि अगदी गोड आवाजात बोलली, "येते हं, एक राउंड मारून."

आई बोलली, "या, या."

दुसरी आली. खाल्ली, उचललं, उलटं केलं. "एक राउंड मारून येते." तिसरी नवऱ्याबरोबर होती. तिने वाचलं, नवऱ्याला दाखवलं, त्याने बोटं रुमालाला पुसली. कुणी वाईट बोललं असतं तर आईने त्याचं तिथेच लोणचं घातलं असतं. पण कोणी वाईट बोलतच नव्हतं! सगळे कसे छान बोलत होते. छान आहे हं. मस्त उपक्रम आहे. तुम्ही लोक किती पुढे येताय ना आता. एकीने आईबरोबर सेल्फी काढला, लोकांना दाखवायला, आणि चकली न घेता गेली. त्या अख्ख्या वसाहतीत जणू काही त्या दिवशी सगळ्यांना राउंड मारायचं वेड लागलेलं, आणि प्रत्येकीचं राउंड काकूंच्या टेबलाशी येऊन संपत होतं.

मग एक गृहस्थ आले. पांढरा झब्बा, चांगले शिकलेले, बोलण्यात पुण्याचा ताठा. त्यांनी आमचा तुकडा खाल्ला, पाकीट वाचलं, काकूंचा तुकडा खाल्ला, आणि परत आमच्याकडे आले. आईला समजवायला. रागवायला नाही हं, शिकवायला. "असं बघा, राग मानू नका. ह्यांच्या चकलीत आणि तुमच्यात फरक काय सांगू? ह्यांची भाजणी मंद आचेवर आहे. तुमची घाईत झालीय. शिवाय एक संस्कार असतो हो चवीला, तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तो असा शिबिरात नाही मिळत."

माझं डोकं फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं तर आईने टेबलाखालून माझ्या पायावर टाच दिली. शेजारी काकू पाकिटं रचत होत्या. ते बोलणं त्यांना ऐकू गेलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्या पाकिटं रचतच राहिल्या. एक वाक्य. काकू, एक वाक्य बोलायचं होतं, "अहो, दोन्ही ह्यांच्याच आहेत." मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक पाकीट उचलून गृहस्थांच्या पिशवीत घातलं आणि विचारलं, "चिवडा देऊ का सोबत?"

गृहस्थ गेल्यावर मी आईला बोलले, "का गप्प केलंस?"

"बोलून काय झालं असतं?"

"खरं काय ते कळलं असतं."

"हो? मग तिच्यापण नसत्या खपल्या," आई बोलली. "मग पुढल्या वर्षी तुझ्या बापाला बोलावून आणतेस का ऑर्डर द्यायला?"

दुपार झाली. माझ्यातलं सगळं अवसान गेलेलं. आई मात्र उभीच. खुर्ची होती, बसली नाही. गिऱ्हाईक आलं की बशी पुढे करायची, "घ्या ताई, खाऊन बघा," त्याच आवाजात, आणि बाई गेली की बशीतले तुकडे परत नीट मांडायचे. मला तिची दया येत होती आणि दया आली म्हणून तिचा राग येत होता. एवढी तोंडाळ बाई, आता का गं वाचा बसली तुझी? असं मी मनात तिला हाणत होते. ताईताई करतेस कुणाला? तुझ्या हातचं खातात, तुझं नाव वाचून हात पुसतात.

मग कमिटीच्या मॅडम फिरत आल्या, प्रत्येक टेबलापाशी माल किती हलला ते बघत. काकूंच्या टेबलावर चकली संपलेली आणि बायका उभ्या. आमच्या टेबलावर पाकिटांची रास जशीच्या तशी. मॅडमनी आईचा हात हातात घेतला. "प्रयत्न सोडायचा नाही हं. नेक्स्ट टाइम थोडं पॅकेजिंगवर काम करा." काकूंना रविवारचा स्टॉल मिळाला, तिथेच, टाळ्या वाजवून. टाळ्या आईनेपण वाजवल्या.

काकू आमच्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात. "मावशी, एक सुचवू? तुमचा माल राहिलाय, माझ्याकडे गिऱ्हाईक उभंय. इतकं चांगलं केलेलं घरी परत न्यायचं म्हणजे..." हातात त्यांच्या स्टिकरची गुंडाळी होती. त्या गुबगुबीत म्हातारीची.

मी बोलले, "अजिबात नाही." मोठ्याने बोलले, लोकांनी वळून बघावं म्हणूनच बोलले. "काकू, तुम्हाला लाज नाही वाटत?"

काकूंचे डोळे भरून आले. खरंच. "मी तुमच्याच भल्याचं बघतेय गं."

आईने काकूंच्या हातातून गुंडाळी घेतली. खुर्ची ओढली आणि दिवसभरात पहिल्यांदा बसली. पहिलं पाकीट मांडीवर घेतलं, म्हातारी सोलली, आणि स्वतःच्या तोंडावर चिकटवली. अंगठ्याने दाबून बुडबुडे काढले, कडा बसवल्या. नाव खालून दिसत होतं तर दुसरा स्टिकर आडवा लावला. मग पुढचं पाकीट. हात कसा चालतो तिचा, तुम्ही बघायला हवा होता. कुठे सुरकुती नाही, कुठे वाकडं नाही. मी रडत होते. ती माझ्याकडे न बघता बोलली, "रडायचं तर तिकडे गेटावर जाऊन रड. नाहीतर हात लाव. बाया ताटकळल्यात."

मी हात लावला नाही. तिने एकटीने सगळी लावली.

पाकिटं काकूंच्या टेबलावर गेली आणि गेली पण. सकाळी पहिली आलेली, अय्या म्हणणारी, तिने दोन घेतली. आई आता रिकाम्या टेबलामागे शालू नेसून बसलेली. त्या बाईने जाता जाता आईला विचारलं, "तुम्ही ह्या काकूंकडेच असता का? केर-फरशीला येईल का हो तुमच्यातली कुणी? आमची बाई दिवाळीत गावी जातेय."

आता आईचं तोंड सुटणार, आता हिला कळेल मोहने काय चीज आहे!

आई बोलली, "विचारून सांगते."

परतताना टेंपोत मी तिच्याशी बोलले नाही. काकूंनी जाताना आमच्यासाठी लाडवांचा डबा दिलेला, तो तिने मांडीवर धरलेला. खारेगावच्या पुढे मला राहवलं नाही. मी तिला नको नको ते बोलले. लाचार बोलले. बाबा असते तर थुंकले असते बोलले. टेंपोवाल्याने गाण्याचा आवाज वाढवला. आई बाहेर बघत एवढंच बोलली, "तुला फोटो हवा होता. मला चकली खपायला हवी होती. झालं ना."

ते खोटं होतं. शालू मी नव्हता काढला पेटीतून. पण ते मी तिला तेव्हा बोलले नाही.

काकूंची ऑर्डर आता दुप्पट आहे, रविवारच्या स्टॉलमुळे. आईला मदतीला गल्लीतल्या आणखी दोघी येतात. सरांचा मेसेज आलेला, तुमची यशोगाथा पाठवा. मी पाठवली नाही. भिंतीवरच्या फोटोखालचं पाकीट आईने कधी काढलं मला कळलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही. गोणी मात्र माळ्यावर तशीच. एकदा मी तिला बोलले, भंगारवाल्याला देऊन टाकू. ती बोलली, चांगली झिपची पाकिटं, देतेस कशाला.

परवा रविवारी मी उशिरा उठले. आईने कोलंबी आणलेली. ओट्यापाशी बसून सोलत होती, आणि टरफलं, डोकी, काळा दोरा, सगळं एका पाकिटात टाकत होती. पाकिटाच्या खिडकीतून आत लालसर पाणी साचलेलं दिसत होतं. पाकीट भरलं तशी तिने झिप ओढली, बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली. उलट्या बाजूला ती स्वतः, शालूत, सोऱ्या धरून, न हसता. शेजारी आणखी तशी दोन पाकिटं भरून ठेवलेली, एकात बोंबलाचे काटे, एकात कालचा भात.

म्हणजे हे रोजचंच होतं. मी कामाला गेले की होत होतं.

"आई, काय करतेस हे?" मी पाकीट हिसकावून घेतलं. "दुसरी पिशवी नाही घरात? स्वतःचं तोंड कचऱ्यात टाकतेस?"

खाली घंटागाडीची घंटा वाजायला लागलेली. आईने ओल्या हाताने पाकीट माझ्याकडून परत घेतलं, तिन्ही पाकिटं उचलली आणि पायात चपला सरकवल्या.

"हो बाजूला," ती बोलली. "घंटागाडीवाला आपल्यातलाच आहे. तो तरी नाव वाचून परत नाही ठेवायचा."